घंटागाडी लोकांना काय शिकवते?

फेब्रुवारी 2018 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या कचऱ्याच्या गाड्या नारेगावात अडवल्या गेल्या. तीन दशकांहून जास्त काळ शहराचा कचरा तिथल्या डेपोवर पडत होता. धूर, माशा, दुर्गंधी आणि मोकाट कुत्री सोसून सोसून आसपासच्या गावांनी शेवटी ठरवलं, आता एकही गाडी येऊ द्यायची नाही. शहरात रोज चारशे टनांच्या आसपास कचरा निघत होता आणि तो न्यायला जागाच उरली नाही. चौकाचौकात ढीग साचले. महापालिका नवी जागा बघायला जाई, तिथले लोक रस्त्यावर येत. मार्चमध्ये मिटमिट्यात गोष्ट दगडफेक आणि लाठीमारापर्यंत गेली. वरिष्ठ अधिकाऱ्यांना हलवावं लागलं. मग कुठे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी इथे कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रांच्या कामाला वेग आला.

ओला आणि सुका कचरा वेगळा करायला लावणारे केंद्राचे नियम 2000 सालीच आले होते. म्हणजे ही कोंडी झाली तेव्हा नियमाला अठरा वर्षं होत आली होती. 2016 मध्ये नियम आणखी कडक झाले. घरातच ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करणं नागरिकांवर बंधनकारक झालं. कायदा होता, जनजागृतीचे फलकही लागलेले होते. तरी शहर त्या दिवसापर्यंत एकाच बादलीत सगळं भरून देत होतं. असं का होतं, हे समजलं की सरकारी धोरण आणि लोकशिक्षण यांचा एकमेकांशी काय संबंध आहे तेही समजतं.

शाश्वत शहर म्हणजे नेमकं काय

शहर स्वतःपुरतं काहीच पिकवत नाही. पाणी, वीज, धान्य, भाजीपाला सगळं बाहेरून येतं आणि सांडपाणी, कचरा, धूर बाहेर जातो. आत येणारं जितक्या वेगाने निसर्गात पुन्हा तयार होतं त्याच्या आत वापर ठेवणं, आणि बाहेर जाणारं जिरवण्याची व्यवस्था स्वतः करणं, एवढं ज्या शहराला जमलं ते पर्यावरणाच्या दृष्टीने शाश्वत.

संभाजीनगरचंच बघा. शहराचं पिण्याचं पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून, म्हणजे नाथसागरातून उपसून येतं. आणि शहरातून वाहणारी खाम नदी सांडपाणी घेऊन पुढे वाळूजमार्गे त्याच नाथसागराकडे जाते. आपण जे सोडतो ते फिरून आपल्याच नळाच्या तोंडाशी येतं. याच शहरात मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींनी, खापराच्या नळांतून, फक्त उताराच्या जोरावर गावात आणलं होतं. तेव्हाही हा प्रदेश कमी पावसाचाच होता. नहर-ए-अंबरी हे त्या काळचं सरकारी धोरणच म्हणायला हवं, आणि तेही टिकाऊ.

धोरण कुठून येतं

धोरण म्हटलं की मंत्रालयातला जीआर आठवतो. पण त्याची उतरंड वरपासून खालपर्यंत आहे. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने संविधानात दोन गोष्टी एकाच वेळी आल्या. अनुच्छेद 48-क म्हणतो, पर्यावरणाचं रक्षण करण्याचा प्रयत्न राज्याने, म्हणजे शासनाने, करावा. अनुच्छेद 51-क (छ) म्हणतो, ते नागरिकाचंही मूलभूत कर्तव्य आहे. घटना सुधारताना दोघांना एकाच जोखडाला जुंपलेलं आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. त्याखाली 1974 चा जल प्रदूषण कायदा, 1981 चा हवा प्रदूषण कायदा, 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा. मग 74 वी घटनादुरुस्ती, जिने पाणीपुरवठा, घनकचरा, नागरी वनीकरण, पर्यावरण रक्षण असे 18 विषय शहरांच्या स्वराज्य संस्थांसाठी नेमून दिले. म्हणजे दिल्लीत नियम होतो, मुंबईत त्याचा तपशील ठरतो, पण तो पाळला जातो की नाही हे ठरतं आपल्या वॉर्डात.

सरकारच्या हातात खरं तर मोजकीच साधनं असतात. मनाई करता येते, दंड लावता येतो, अनुदान किंवा करात सूट देता येते, वस्तूची किंमत ठरवता येते आणि सोय उभी करता येते. यातलं सगळ्यात दुर्लक्षित साधन म्हणजे सोय. मनाईचा जीआर एका दिवसात निघतो, सोय उभी करायला पैसा, माणसं आणि वर्षं लागतात. म्हणून मनाई पुढे धावते आणि सोय मागे राहते.

महाराष्ट्राची प्लास्टिकबंदी घ्या. मार्च 2018 मध्ये अधिसूचना निघाली, जूनपासून अंमल सुरू झाला. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड, दुसऱ्याला 10,000, तिसऱ्याला 25,000 आणि तुरुंगवासही. धोरण म्हणून ते धाडसी होतं आणि गरजेचंही होतं. सुरुवातीला बाजारात कापडी पिशव्या दिसल्या. पुढे तपासणी ढिली पडली तशा पातळ पिशव्या भाजीवाल्यांच्या हातगाड्यांवर परतल्या. पथक येणार म्हटलं की त्या पोत्याखाली जातात, पथक गेलं की वर येतात. या सगळ्यातून लोक काय शिकले? बंदी ही चार दिवसांची असते, एवढंच. त्या हातगाडीवाल्याला दोष देऊन उपयोग नाही. पाव किलो मिरची कशात बांधून द्यायची, या त्याच्या साध्या प्रश्नाचं उत्तर त्याला परवडेल अशा भावात कुणी दिलेलं नाही.

माझं म्हणणं इथेच आहे. सरकार जे बोलतं त्यातून लोक थोडंसं शिकतात, आणि सरकार जे करतं त्यातून पुष्कळ शिकतात. अंमलबजावणी हीच सगळ्यात मोठी शाळा आहे.

गाडीपाशी घडतं ते

सकाळी गल्लीत घंटागाडी येते. भोंग्यावर स्वच्छतेचं गाणं लागलेलं असतं. गाडीसोबतची बाई दारात उभ्या असलेल्या आजींना म्हणते, "मावशी, वला येगळा आणि सुका येगळा द्या." आजी बादली पुढे करतात आणि म्हणतात, "येगळा देऊन काय करावं माय, तुमी गाडीत एकच करताव की." गाडीला आत फळी नसेल, किंवा फळी असूनही पुढच्या ठिकाणी सगळं एकाच डंपरमध्ये ओतलं जात असेल, तर आजींचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. त्या अडाणी नाहीत. त्यांनी व्यवस्था नीट पाहिली आहे आणि तिच्यावरून शहाणपणाचा निष्कर्ष काढला आहे.

इथे दहा फलक लावून काही होणार नाही. गाडीत दोन कप्पे हवेत, ते शेवटपर्यंत वेगळे राहायला हवेत आणि ते वेगळे राहतात हे लोकांना दिसायला हवं. आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात निम्म्याच्या आसपास वाटा भाजीची देठं, सालपटं, शिळं अन्न अशा ओल्या कचऱ्याचा असतो. तो वेगळा राहिला तर त्याचं खत होतं किंवा गॅस होतो. सुक्यात मिसळला की दोन्ही वाया जातात. कागद, प्लास्टिक चिकट होतं आणि भंगारवालाही घेत नाही, तर ओल्या कचऱ्याच्या खतात काचा आणि सॅशे येतात. शिवाय ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही, तिथे ओला कचरा कुजताना मिथेन वायू तयार होतो. उन्हाळ्यात कचरा डेपो आपोआप धुमसतात त्यामागे हे मोठं कारण आहे, आणि हवामान तापवण्यात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट जोरकस आहे.

शिकवण्याचं काम करणारी खरी माणसं म्हणजे गाडीवरच्या या बायका. बरेचदा त्याच कचरा वेचणाऱ्या वस्त्यांमधून आलेल्या असतात. कोणतं प्लास्टिक विकलं जातं, कोणतं नाही, हे त्यांना बोटांनी कळतं. महापालिकेने जनजागृतीचा पैसा भिंती रंगवण्यावर घालण्याऐवजी यांच्या हातमोज्यांवर, पगारावर, ओळखपत्रावर आणि महिनाभराच्या प्रशिक्षणावर घातला तर तो जास्त लोकांपर्यंत पोहोचेल. दारावर रोज येणाऱ्या, नावाने हाक मारणाऱ्या माणसाचं लोक ऐकतात. एखाद्या घराने मिसळलेला कचरा दिला तर तो न घेता परत करण्याचा अधिकारही त्यांना हवा, आणि त्यावरून भांडण झालं तर स्वच्छता निरीक्षकाने त्यांच्या बाजूने उभं राहायला हवं.

पाण्याचं गणित, आणि त्यातली उलटी शिकवण

मराठवाड्यात शाश्वत शहराची गोष्ट शेवटी पाण्यापाशीच येते. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं 144 कलम लावावं लागलं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं गेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, साधारण पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावली. त्याच काळात लातूरकरांनी वर्गणी काढून मांजरेचं पात्र खोल आणि रुंद करायचं काम हाती घेतलं. व्यापारी, डॉक्टर, शिक्षक, विद्यार्थी सगळे त्यात आले. संकटात माणूस शिकतो हे खरं, पण पाऊस पडला की तितक्याच लवकर विसरतो. म्हणून संकटातलं शिकणं नियमात आणि सवयीत बांधून ठेवावं लागतं.

आता सवय कशी घडते ते बघू. आपल्या कितीतरी शहरांत नळाला पाणी चार, सहा, आठ दिवसांनी येतं. त्यामुळे प्रत्येक घरात ड्रम, हौद, सिंटेक्स, पिंप, घागरी, जे असेल ते भरून ठेवलं जातं. ज्या दिवशी ताजं पाणी येतं, त्या दिवशी उरलेलं "शिळं" पाणी अंगणात, गटारीत ओतून दिलं जातं. नळाला तोटी नसते, कारण चार दिवसांनी एकदा येणारं पाणी थांबवायचं कशाला? सगळी भांडी भरली की पाणी रस्त्याने वाहतं. शेजारी मोटार लावून ओढतो म्हणून आपणही लावतो. ही माणसं बेफिकीर नाहीत, टंचाईने त्यांना साठवायला आणि ओतायला शिकवलं आहे. भिंतीवर मात्र लिहिलेलं असतं, पाणी हेच जीवन.

याहून बोलकं उदाहरण डेंग्यूचं. आरोग्य विभाग सांगतो, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासून घ्या. कारण डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, मध्येच भांडं कोरडं झालं की साखळी तुटते. शास्त्र अगदी पक्कं आहे. पण ज्या घरी पाणीच आठ दिवसांनी येतं, तिथे सहाव्या दिवशी ड्रम रिकामा करायला कोणती आई तयार होईल? एकाच शहराचे दोन विभाग तिला उलटसुलट सांगतात. अशा घरी जाऊन सांगण्यासारखं वेगळं आहे: ड्रमवर जुन्या साडीचं दुहेरी फडकं घट्ट बांधा, मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा, पाणी संपलं की पुन्हा भरण्याआधी कडा घासा, अंडी कडेलाच चिकटलेली असतात. लोकशिक्षण करायचं तर आधी समोरच्याचं पाण्याचं वेळापत्रक विचारावं लागतं.

यावरचा खरा उपाय धोरणाचा आहे: पाणी थोडं असलं तरी ठरलेल्या वेळी, विश्वासाने यायला हवं, आणि मोजून यायला हवं. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी आणि प्रत्येक नळाला मीटर ही योजना राबवली. दरही चढत्या भाजणीचा ठेवला, गरजेपुरतं वापरणाऱ्याला स्वस्त आणि उधळणाऱ्याला महाग. नळ कधीही उघडला तरी पाणी येणार ही खात्री असली की साठवण्याची आणि ओतण्याची गरजच संपते. आमच्याकडे मीटर म्हटलं की लोक बिथरतात, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. आठ दिवसांनी पाणी देणाऱ्याने आधी मीटर बसवायचं म्हटलं तर लोक कसे ऐकतील? आधी वेळापत्रक सुधारा, मग मीटर आणा. हा क्रम चुकला की चांगलं धोरणही पडतं.

आता पावसाचं बोलू. मराठवाड्यात वर्षाला सरासरी 700 मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो, कधी त्याच्या निम्मा. 100 चौरस मीटरच्या, म्हणजे साधारण अकराशे चौरस फुटांच्या छतावर 700 मि.मी. पाऊस पडला तर 70,000 लिटर पाणी होतं. उडून, सांडून जाणारं धरलं तरी 80 टक्के, म्हणजे 56,000 लिटर हाती लागतं. 5,000 लिटरच्या टँकरचा हिशेब केला तर अकरा टँकर. शहरासाठी माणशी रोज 135 लिटरचं प्रमाण धरतात. पाच जणांच्या घराला ते 675 लिटर होतं. म्हणजे छतावरचं पाणी त्या घराला पावणेतीन महिने पुरेल इतकं आहे. ते सगळं साठवायला टाकी परवडत नाही हे खरं. म्हणून ते गाळून बोअरमध्ये किंवा शोषखड्ड्यात सोडायचं.

आपल्या पायाखाली काळा कातळ आहे, बेसाल्ट. वरचा झिजलेला मुरमाचा थर आणि कातळातल्या फटी, पाणी साठतं ते तेवढ्यातच. त्यामुळे आपलं भूजल लवकर भरतं आणि लवकर संपतं. खोल बोअर मारल्याने नवीन पाणी तयार होत नाही, शेजाऱ्याच्या फटीतलं आपल्याकडे येतं. म्हणूनच राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्याने शेती आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विंधन विहिरींना बंधन घातलं आहे. प्रत्यक्षात बोअरच्या गाड्या रात्रीतून कुठवर जातात, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे.

इमारतींसाठीच्या राज्याच्या एकत्रित नियमावलीत, जी 2020 पासून लागू आहे, 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे. ते न ठेवल्यास दर 100 चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला 1,000 रुपयांपर्यंत आकारणी करता येते. नियम चांगला आहे. पण आपल्या शहरांत माणसं राहतात कुठे? गुंठेवारीत. सहाशे, आठशे, हजार चौरस फुटांच्या तुकड्यांवर. म्हणजे मराठवाड्यातली असंख्य छतं या सक्तीच्या बाहेर आहेत. जिथे कायद्याचा हात पोहोचत नाही तिथे फक्त माहिती, शेजाऱ्याचं उदाहरण आणि घरपट्टीतली सूट एवढीच साधनं उरतात. सूट ठेवायची तर ती मिळवण्याचा अर्ज एका पानाचा असावा आणि तपासणीला येणारा माणूस मृग निघायच्या आत यावा. लोकांनीही त्याच्या आधी छत झाडून, पाइपाला जाळी लावून, पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर सोडायची वेगळी तोटी बसवून घ्यायची. काम गल्लीतल्या प्लंबरचं आहे. एका गल्लीत एकाने केलं आणि त्याच्या बोअरला एप्रिलमध्ये पाणी राहिलं, की बाकीच्यांना व्याख्यान द्यावं लागत नाही.

सांडपाण्याची बाजूही तितकीच मोठी आहे. घरात आलेल्या पाण्यातलं सुमारे 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे ते दुष्काळातही रोज मिळणारं पाणी आहे. परळीचं औष्णिक वीज केंद्र 2013 आणि 2015 मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. केंद्राच्या 2016 च्या वीजदर धोरणात म्हटलं आहे की, सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक केंद्रांनी प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरावं. या एका वाक्याने शहराचं सांडपाणी विकण्याजोगा माल झालं. पिण्याचं धरण त्यामुळे माणसांसाठी राखता येतं.

झाडं, ऊन आणि हवा

राज्यात 2017 ते 2019 मध्ये वृक्षलागवडीची प्रचंड मोठी मोहीम झाली, शेवटच्या वर्षी लक्ष्य 33 कोटी रोपांचं होतं. लावण्याचा आकडा मोजला गेला की लोक आणि अधिकारी दोघेही लावायला शिकतात, जगवायला नाही. मराठवाड्यात रोपाची परीक्षा जुलैत नसते, ती फेब्रुवारी ते मे असते. त्या चार महिन्यांत आठवड्याला एक टँकर आणि शेळीपासून वाचवणारी जाळी मिळाली तर लिंब, करंज, चिंच, वड, पिंपळ इथे सहज जगतात. 2021 मध्ये शहरी वृक्ष कायद्यात झालेली दुरुस्ती मला यापेक्षा शहाणी वाटते. 50 वर्षांहून जुनं झाड हे वारसा वृक्ष मानलं गेलं, आणि ते तोडायचं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची. असलेलं झाड वाचवणं किती मोलाचं, हे त्या हिशेबातच शिकवलेलं आहे.

उन्हाची आपल्याला कमतरता नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान ठेवलं गेलं. एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला सरासरी चारेक युनिट देतं. इथे लोकशिक्षण आपोआप झालं, कारण शेजाऱ्याचं वीजबिल सगळ्यांना बघता येतं.

हवेबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. 2019 मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यातल्या शहरांच्या यादीत मराठवाड्यातून संभाजीनगर, जालना आणि लातूर आहेत. आपल्या शहराचं नाव त्या यादीत आहे हे किती जणांना माहीत आहे? रस्त्याची धूळ, बांधकामाचा राडारोडा आणि रस्त्याकडेला जाळलेला कचरा यांचा यात मोठा वाटा असतो. कचरा जाळू नये हे सांगायला ढिगाशेजारी राहणाऱ्या दम्याच्या रुग्णापेक्षा चांगला शिक्षक नाही.

शाळा आणि शाळेबाहेर

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये आदेश दिला होता: शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा, चित्रपटगृहांत पर्यावरणाचे संदेश फुकट दाखवा, आकाशवाणी आणि दूरदर्शननेही वेळ द्यावा. त्यातूनच पुढे पदवीच्या मुलांना पर्यावरणाचा पेपर आला. आपल्या शाळांत प्राथमिकला परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला जलसुरक्षा नावाचा विषयही आहे. विषय आहे, पुस्तक आहे. कमतरता आहे ती पुस्तकातून अंगणात उतरण्याची. जलसुरक्षेच्या तासाला मुलांनी टेप घेऊन शाळेचं छत मोजावं. 500 चौरस मीटर निघालं तर 700 मि.मी. पावसात, 80 टक्के हाती लागतं असं धरून, 2 लाख 80 हजार लिटर पाणी मिळू शकतं हे त्यांनीच काढावं. मग तो कागद घेऊन मुख्याध्यापकांकडे आणि नगरसेवकाकडे जावं. त्या वर्गातला एकही मुलगा हे गणित विसरणार नाही, आणि घरी जाऊन बापाला सांगितल्याशिवाय राहणार नाही.

लोकशिक्षणाची आपली स्वतःची परंपरा आहे. पैठणच्या एकनाथ महाराजांनी अवघड तत्त्वज्ञान भारुडात आणून चावडीवर नेलं. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. झाडताना लोकांनी त्यांना पाहिलेलं असे, म्हणून रात्री त्यांचं बोलणं काळजात उतरे. राज्य शासनाने 2020 च्या गांधीजयंतीला सुरू केलेलं माझी वसुंधरा अभियान भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांच्या चौकटीत शहरांना गुण देतं. भाषा आपल्या मातीतली आहे, आजीलाही कळते. फक्त गुण मिळवण्यापुरतं काम होऊन थांबायला नको.

खाम नदीवर 2021 पासून जे काम उभं राहिलं त्यात ही दोन्ही अंगं एकत्र दिसतात. महापालिका, छावणी परिषद, स्वयंसेवी संस्था, उद्योग आणि नागरिक एकत्र आले. पात्रातला गाळ आणि कचरा काढला, काठ सावरले, लोखंडी पुलाजवळ फिरायला जागा झाली. ज्या काठाने नाक दाबून जायचं, तिथे लोक पोरांना घेऊन यायला लागले. काठावर पोरं खेळायला लागली की कचऱ्याची पिशवी पुलावरून भिरकावणाऱ्याला टोकणारं माणूस तयार होतं. नदी अजून पूर्ण स्वच्छ झालेली नाही, सांडपाणी वरून येणं पूर्ण थांबेपर्यंत होणारही नाही. पण लोकांना आता ती नदी म्हणून दिसते.

आपल्या हातात काय आहे

छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि 2023 पासून जालना, अशा मराठवाड्यात पाच महापालिका आहेत. महाराष्ट्र महापालिका अधिनियमाच्या कलम 67-अ प्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी 31 जुलैपूर्वी शहराचा पर्यावरण स्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. हा अहवाल नागरिकांसाठीच आहे. तो मागा, वाचा. त्यात किती सांडपाणी निर्माण होतं आणि किती शुद्ध होतं, या दोन आकड्यांमधला फरक बघा. किती कचरा वेगवेगळा गोळा होतो आणि प्रक्रिया केंद्रात किती पोहोचतो, ते बघा. जनजागृतीवर झालेला खर्च फलकांवर किती आणि माणसांवर किती, हे विचारा. आपल्या गल्लीचं पाण्याचं वेळापत्रक लेखी मागा.

किती रोपं लावली हा आकडा अहवालात ठळक छापलेला असतो. तीन वर्षांपूर्वी लावलेल्यांतली आज किती जिवंत आहेत, हे त्यात नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.